भरल्या लोंब्यांचं फाटक

मी आंधळगावच्या भय्याजींच्या घरचं फाटक बोलतोय. थांबा, नुसतं ढकलून आत जाऊ नका! बारा वर्षं लोक असेच जाऊन राहिले. आज जरा माझं ऐका.

जन्मानं मी फाटक नव्हेच. बैलगाडीच्या चाकांवर लोखंडी धावा असतात ना, त्या होतो मी. सारा मोहाडी तालुका तुडवून झिजलो आणि तुलाराम लोहाराच्या दुकानामागे गंजत पडलो. तुलारामचं दुकान मोहाडीच्या बाजाराजवळ. विळे, फाळ, कुऱ्हाडी यांवर त्याचं पोट चालायचं, पण जीव सगळा चित्रात. कोळशानं भिंतीवर मोर काढायचा, कमळं काढायचा. त्याची बायको गोदावरीबाई ती भिंत पुन्हा सारवायची आणि करवादायची, "मोरानं चूल पेटते का?"

१९७४ साली भय्याजींनी नवं घर बांधलं. तुलारामनं हिंमत केली. "भय्याजी, फाटक मी करतो. तालुक्यात नसन असं करतो."

भय्याजी पक्के धानवाले शेतकरी. म्हणाले, "कर. पसंत पडलं त लावीन. नाही पडलं त त्याचे विळे कर न विक."

त्या दिवशी तुलारामनं बायकोला सांगून टाकलं, हे साधलं तर ठीक, नाही तर आयुष्यभर विळेच करीन, पुन्हा चित्राचं नाव काढणार नाही. आता बोला! आणि विळा व्हायची माझी तर मुळीच तयारी नव्हती.

नागपूरच्या एका बंगल्याच्या फाटकावर त्यानं भाल्यांची रांग पाहिली होती. आपल्याकडे भाले कशाला, धानाच्या लोंब्या हव्यात, असं त्यानं ठरवलं. मला भट्टीत घातलं, घणाखाली बदडलं, छिन्नीनं एकेक दाणा उठवला. मार खाल्ला खरा, पण रूप काय आलं म्हणून सांगू! चौऱ्याण्णव लोंब्या, एका ओळीत, ताठ. मी तर गर्वानं फुलून गेलो.

मग बाजाराचा दिवस आला. धानकापणी तोंडावर, त्यामुळे विळ्यांना धार लावायला ही गर्दी! मी भिंतीला टेकून ऐटीत उभा. जागेश्वर नावाचा म्हातारा शेतकरी पुढे आला, मला वरून खाली न्याहाळलं आणि फिसकन हसला.

"तुलाराम, तुहं धान त पोचट हाय गा!"

सगळे खो खो हसले. तुलारामचा चेहरा पांढराफटक. भरलेली लोंबी दाण्यांच्या भारानं वाकते, ताठ राहते ती रिकामी, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. पण भाल्यांच्या जागी लोंब्या बसवताना हा बाबा त्या भाल्यांसारख्याच बसवून गेला होता. आणि परवा भय्याजी यायचे होते. शेतकऱ्याच्या दारात पोचट धान कोण लावील?

तुलाराम मटकन बसला. "झालं. विळेच लिहिले हायेत नशिबात."

गोदावरीबाई बाहेर गेली. येताना पिकल्या लोंब्यांची मूठ घेऊन आली आणि त्याच्यापुढे ठेवली. "डोकं धरून कायले बसता? हे पाहा न वाकवा. भाता माह्याकडं."

दोन दिवस भाता थांबला नाही. एकेक लोंबी तापवली, वाकवली. एक जास्त लवलेली, एक वाऱ्यानं कललेली, एकीसारखी दुसरी नाही. माझी ऐट गेली, पण खरं सांगतो, अंग हलकं झालं.

भय्याजी आले. सोबत त्यांची आई चंद्रभागाबाई, नजर अधू झालेली. भय्याजी उभे राहून मला बघत होते. तेवढ्यात म्हातारी पुढे आली. तिनं एक लोंबी मुठीत धरली आणि बांधावर उभं राहून बघावं तसे अंगठ्यानं दाणे चाचपले.

"भय्या, कापाले आलं रे हे!"

भय्याजी पोट धरून हसले. तुलाराम मात्र रडला. पुढे त्यानं नाकाडोंगरीच्या विहाराच्या खिडक्यांना पिंपळपानांच्या जाळ्या केल्या, मोहाडीत एका जिन्याला वेलीचा कठडा केला. विळेही करतोच, पण आता हसत.

गेल्या वर्षी घरी ट्रॅक्टर आला. ट्रॉली काही माझ्यातून जाईना. भय्याजींचा लेक हिरालाल म्हणाला, "हे काढून मोठं लावू." मी गारठलोच. झालं, चला भंगारात!

भय्याजी ओसरीवरून गरजले, "फाटकाले हात लावाचा नाही! भिंत फोडा!"

आणि फोडली हो, खरंच! माझ्या शेजारी आता हे एवढं भगदाड आहे. ट्रॅक्टर, बकऱ्या, कुत्री, सगळी तिकडून. मी बंद असलो काय नि उघडा असलो काय, सारखंच. पण भय्याजी रोज सकाळी शेतावर निघताना ते भगदाड सोडून इकडे येतात, माझी कडी काढतात आणि माझ्यातूनच बाहेर पडतात. आंधळगावला आलात तर तुम्हीही तसंच या.