ठमाबाईचा हात

ठमाबाई त्या दिवशी ठाण्याला निघाली ती भांडायच्या तयारीनंच. बाळकुमहून टांग्यात बसल्यापासून तिच्या तोंडाचा पट्टा सुरू होता आणि त्यात एकाच माणसाचा उद्धार चालला होता, कल्याणच्या डॉक्टरचा. शेजारी तिची आठ वर्षांची नात जया अंग चोरून बसली होती. पोरीचा डावा हात खांद्यात असा धरला होता की काही केल्या वर जात नव्हता. समोर सून शकू गप्प होती. सासू तापली की मध्ये तोंड घालायचं नाही, हे तिला लग्नाच्या पहिल्याच महिन्यात कळून चुकलं होतं.

"दंडाला गाठ आली म्हनून दाखवाया नेली, आनि त्या मेल्यानं सुरी चालवली! मुडदा बशिवला त्याचा. महिन्यात हात लाकूड झाला पोरीचा. आता हाडाचा फोटोच काढते. तो फोटो घेऊन त्याच्या दारात बसते का नाय बघ."

तोरा असायला कारणही होतं. ठमाबाई म्हणजे बाळकुमची सुईण आणि चोळणारी. बाळंतिणी, मुरगळलेले पाय, भरलेल्या पाठी, माजिवड्यापासून कळव्यापर्यंतची माणसं तिच्या ओट्यावर येत. तिच्या अंगठ्याखाली गाठ टिकत नाही असं बायका म्हणत, आणि ते खोटं नव्हतं. तीन वर्षांपूर्वी जयाच्या पाठीवर सूज आली, तेव्हा घरातलीच विद्या असताना डॉक्टर कशाला हवा? ठमाबाईनं खोबरेल कोमट केलं आणि रोज सकाळी पोरीला पालथी घालून कण्याच्या दोन्ही अंगांनी अंगठे फिरवले. जया किंचाळायची. "रडू नको, रडलीस तर चोळायची नाय," असा दम भरून ती आणखी जोर लावायची. सूज उतरली, पण पाठ ताठ झाली. पोरीला वाकून पायातला काटा काढता येईना. ठमाबाईला वाटलं, आपलं चोळणं कमी पडलं. मग ते वाढलं.

ठाण्यात तलावपाळीजवळ डॉक्टर प्रधानांनी एक्स-रेचं यंत्र आणलं होतं. सावकाश बोलणारा, शांत माणूस. त्यांनी जयाची पाठ दाबून पाहिली, दंडाचा आणि पाठीचा फोटो काढला आणि आतल्या अंधाऱ्या खोलीत धुवायला नेला. बाहेर आले तेव्हा चेहरा उतरलेला होता. त्यांनी दोन्ही हात खिशात घातले, ते पुन्हा पोरीला लावले नाहीत.

"हिच्या पायांचे अंगठे बघू जरा."

"हात दाखवाया आनलीय आनि तुमी पाय काय बघता?" ठमाबाई खेकसली. पण शकूनं पोरीचे पाय पुढे केले. दोन्ही अंगठे आखूड, आणि बाजूच्या बोटांकडे वळलेले.

"जन्मापासून असेच आहेत?"

"मीच तर केलं बाळंतपन! दीड महिना चोळले सरळ कराया, पन हटले नाय."

डॉक्टरांनी काचेमागचा दिवा लावून पहिला फोटो धरला. दंडापासून छातीच्या फासळ्यांपर्यंत हाडाचा एक पांढरा पट्टा पसरला होता, जिथे हाड असायलाच नको तिथे.

"सुरी लागली तिथे मांसाचं हाड झालंय. कापायला नको होतं," डॉक्टर म्हणाले.

"बघ शके! सांगत नव्हते मी?" ठमाबाईनं मांडीवर थाप मारली. जिंकलीच होती ती. "त्या मेल्याला आता सोडते की काय!"

डॉक्टरांनी दुसरा फोटो लावला. पाठीचा. कण्याच्या दोन्ही अंगांना दोन पांढरे पट्टे, खांद्याखाली सुरू होऊन कमरेशी संपलेले.

"पन इथे कुठे सुरी लावली कोनी?" शकू पहिल्यांदाच बोलली.

ठमाबाईला कुणी काही सांगायची गरज नव्हती. तिचे अंगठे कुठे टेकायचे आणि कुठे उचलायचे, ते तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

"हा आजार मी आजवर फक्त पुस्तकात पाहिला होता," डॉक्टर म्हणाले. "दहा-वीस लाखांत एखाद्याला होतो. पायांचे असे अंगठे ही त्याची खूण. मांस दुखावलं की त्याचं हाड होतं. सुरीनं, पडण्यानं, जोरात चोळण्यानं. कधी आपोआपसुद्धा. औषध नाही. उजवा हात अजून मोकळा आहे. तो राहायला हवा असेल तर हिला कुणी कापायचं नाही, चोळायचं नाही. आजी, तुम्हाला काय माहीत असणार?"

"का नसनार?" ठमाबाई ताडकन उठली. "जल्मली तेव्हा पैले ते अंगठे माझ्या हातात आले! शेकड्यांनी पोरं काढली मी, असे अंगठे दुसऱ्या कोनाचे बघितले नाय. मना इचारावंसं वाटलं नाय कोनाला. येवढी कसली मस्ती होती मना?" तिला डॉक्टरचा राग आला, शकूचा आला, वर्षानुवर्षं 'ठमाबाईचा हात' म्हणून वाखाणणाऱ्या सगळ्या गावाचा आला. पण तो कुठेच टिकेना, फिरून तिच्याच अंगावर येई.

परतताना ती टांगेवाल्या महिपतवर दोनदा ओरडली, "हळू हाक रे मेल्या, पोर हाय आत!" कल्याणच्या डॉक्टरचं नाव तिनं काढलं नाही.

माजिवड्याशी जया कुरकुरली. "आजी, मान दुखतेय."

शकूचा हात सवयीनं मानेकडे गेला. ठमाबाईनं तो फाडकन झटकला. "हात लावशील तर मोडून ठेवीन!"

शकू चपापली. ठमाबाईनं आपले दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले.

जयानं आजीच्या तापलेल्या तोंडाकडे पाहिलं. उजव्या हातानं घाईघाईनं डोळे पुसले आणि मान पुढे करून म्हणाली, "आता नाय रडनार मी, आजी. चोळ ना."