कोंबड्यांनी वाचलेली पाटी

मी गोराईतल्या पर्पेच्युआच्या वाडीवरची पत्र्याची पाटी. बोलणं हेच माझं काम. सरकारी अनुदान कुणाला मिळालं, कशासाठी आणि किती, हे येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायलाच मला रंगवलंय. आणि नशीब बघा माझं, सुरुवातीचे कित्येक महिने मला तोंडच उघडू दिलं नाही.

बोरिवलीच्या पेंटरने मला पिवळा रंग दिला, वर काळी अक्षरं काढली. पर्पेच्युआचं पूर्ण नाव, तिच्या भाजीच्या जमिनीला ठिबक सिंचन, एकूण खर्च, त्यातलं अनुदान, सगळं ठळक. स्वतःचं नाव एवढं मोठं पाहून ती इतकी खूश झाली, की पेंटरला चहा पाजला आणि बोटीतून मला मांडीवर घेऊन आली.

तिचा नवरा सेबॅस्टियन मात्र भलताच लाजरा. सरकारचे पैसे घेतले म्हणून गावभर बोंबलत कशाला फिरायचं, असं त्याचं म्हणणं. त्याने मला खुराड्यावर छप्पर म्हणून ठोकलं, तेही अक्षरं खाली करून. माझं सगळं लिखाण कोंबड्यांनी वाचलं. त्यांना त्यात काडीचाही रस नव्हता.

मी गप्प, म्हणून गाव बोलायला लागलं. बाजारात ते अनुदान लाखाचं झालं, चर्चच्या पायरीवर दोन लाखांचं. ते वेन्डीच्या कानावर गेलं. वेन्डी म्हणजे पर्पेच्युआची धाकटी जाऊ. दोघींचे जमिनीचे तुकडे शेजारी, सातबारा एकच, म्हणून अर्जावर वेन्डीची संमतीची सही घेतलेली. माझ्या सहीवर हिने दोन लाख गिळले, असं तिच्या डोक्यात बसलं.

झालं! रविवारी चर्चमधली मिस्सा सुटली की दोघी गप्पा मारत घरी यायच्या, एकीने मैद्याचे गोल फुगे तळले की अर्धे दुसरीकडे जायचे. सगळं बंद. ही विचारीना, ती सांगेना. पर्पेच्युआ दाणे टाकताना डोळे पुसायची. फार जीव तुटायचा हो माझा. उत्तर माझ्या पोटावर लिहिलेलं आणि मी पालथी!

शेवटी एका सकाळी वेन्डी तणतणत आली. "माझ्या सहीवर किती उचललेस गो बाय? खरं सांग."

पर्पेच्युआ तडक खुराड्याकडे वळली. पहार आणली, खिळे उपटले. कोंबड्या सैरावैरा पळाल्या. तिने मला पदराने पुसलं आणि वेन्डीसमोर उभं केलं. वेन्डी ओळीवर बोट ठेवून वाचत गेली. अनुदान तेवीस हजार, तेही फक्त पर्पेच्युआच्या तुकड्यासाठी. बाकीचा खर्च तिने पदरचा केलेला. बोट तिथेच थांबलं.

"हे तू मला नाही सांगितलंस," वेन्डी हळूच म्हणाली, "कोंबड्यांना सांगितलंस."

मग दोघी जे हसायला लागल्या, त्या थांबेचनात. थोडं रडूनही घेतलं. रस्त्याला लागून माझ्यासाठी खड्डा खणायचं काम सेबॅस्टियनच्या गळ्यात पडलं.

आता मी ऐटीत उभी आहे. ऊन लागून रंग थोडा उतरलाय, पण आकडे स्वच्छ वाचता येतात. कुणी थांबलं की सेबॅस्टियनच पुढे होऊन अर्ज कुठे करायचा ते सांगतो. वेन्डीनेही केला. परवा तिची पाटी आली, तर सेबॅस्टियनची नजर आपसूक खुराड्याकडे वळली.

"भावोजी, हात तर लावून बघा," वेन्डी म्हणाली.

तेव्हा बाबांनो, इकडे आलात तर आम्हां दोघींना वाचून जा, लाजायचं काही कारण नाही. कोंबड्यांची काळजी नको. त्यांना नवं छप्पर आणलंय, कोरं.