अहो नावाचा काउबॉय

कुवेतातल्या कब्दच्या वाळवंटात अबू हमजांचा जाखूर आहे. जाखूर म्हणजे शहराबाहेर जनावरं ठेवायची जागा. पत्र्याचे गोठे, कुंपण, पाण्याची टाकी आणि मालकांना शुक्रवारी शहरातल्या सलव्याहून येऊन चहा प्यायला एक बैठक. वर्षानुवर्षं तिथे उंट, मेंढ्या आणि घोडे आपापल्या मर्जीने राहत होते. मग मालकांचा मुलगा हमजा टेक्ससहून मॅनेजमेंट शिकून आला आणि जाखुराचा रँच झाला. जनावरांना हा बदल कळवण्यात आला नाही. माणसांना मात्र टोप्या मिळाल्या.

घोड्यांकडे बघणारा विश्वास गायकवाड अकलूजकडचा. शेहेचाळिसाव्या वर्षी त्याला चौकड्यांचा शर्ट, रुंद काठाची टोपी आणि टाचेचे बूट चढवून उभं केलं, तेव्हा त्याने आरशात बराच वेळ पाहिलं. "बँडवाल्यांत घेतलं की काय आपल्याला," एवढंच तो म्हणाला.

हे बोलायचा त्याला अधिकार होता. त्याच्या घरी वरातीच्या घोड्या होत्या. मिसरूड फुटायच्या आधीपासून त्याने गावोगावचे नवरदेव मांडवापर्यंत पोचवले होते. नवरदेव उतरायचा, आत जायचा, त्याचं लग्न लागायचं, पंगती उठायच्या. विश्वास बाहेर लगाम धरून उभा. लग्न म्हणजे मांडवाबाहेर उभं राहणं, अशी त्याची समजूत झाली असावी. आधी बहिणींची लग्नं होती, मग वडिलांचं आजारपण, मग कुवेत. त्याचं स्वतःचं राहून गेलं. कुणी मुद्दाम राहू दिलं नव्हतं. बसस्टॉपवर छत्री राहते तसं.

डॉक्टर मुक्ता देशमाने परभणीची, पशुवैद्य. सालमियात दोन नर्सबायकांबरोबर एका फ्लॅटमध्ये राहायची आणि रँचच्या मिनीबसने रोज ये-जा करायची. तिचं एक लग्न होऊन मोडलं होतं. त्याबद्दल कुणी विचारलंच तर "झालं ते झालं" म्हणायची आणि एखाद्या उंटाचा ताप बघायला निघून जायची. उंटाला ताप नसला तरी.

पहिल्या दिवशी तिने लांबून हाक मारली होती, "अहो विश्वासराव." कब्दचा वारा असा की विश्वासराव वाटेतच उडून जायचे, अहो तेवढं पोचायचं. दमलेला माणूस हाकेतलंही ओझं कमी करतो. महिन्याभरात नुसतं अहो उरलं.

तबेल्यातल्या रियाजला वाटलं, नावच आहे. तो बिजनौरचा, त्याने 'अहो भाई' सुरू केलं. अबू हमजा हाकेचा अरबी 'या' लावून 'या आहो' म्हणू लागले. हमजाने शर्टांच्या खिशांवर इंग्रजीत नावं भरून आणली, त्यात विश्वासच्या खिशावर 'आहो' आलं. त्याने तक्रार केली नाही. तो शब्द ऐकायला त्याला बरा वाटायचा. का बरा वाटतो याचा विचार करायला शुक्रवारी वेळ नसायचा आणि इतर दिवशी ताकद.

शम्सा नावाच्या घोडीने तर हद्दच केली. विश्वासच्या खिशात तिच्यासाठी खजूर असायचे. मुक्ताने हाक मारली की विश्वास निघायचा, आणि खजूर निघाला म्हणून घोडी मागोमाग. पुढेपुढे शम्सा म्हटलं तर ती कान हलवायची नाही, पण कुठूनही 'अहो' ऐकलं की धावत यायची. अबू हमजांनी तिच्या सात पिढ्यांची नावं तोंडपाठ केली होती. तिला त्यातलं एकही चालत नव्हतं.

तर गोष्ट अशी, की मुक्ताचा इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, संपत आला होता. बारामतीकडच्या एका डेअरीत जागा चालून आली होती. कागदपत्रं बघणाऱ्या मुस्तफाने बजावलं होतं, गुरुवारी येतो, तेव्हा एक शब्द सांगा. इकामा नया, नाहीतर कॅन्सल.

"चांगली आहे म्हणतात ती डेअरी," विश्वास म्हणाला होता.

"हो का."

"म्हशी आहेत म्हणे."

"असतील की. डेअरी आहे."

उन्हात उभं राहून बोलण्याचा तो शेवट होता. दोघंही आपापल्या सावलीला गेले.

त्या गुरुवारच्या आधीच्या शुक्रवारी सालमियाचं एक मराठी मंडळ सहलीला आलं. संक्रांतीचे दिवस होते, त्यामुळे घोड्यावर बसणं आणि हळदीकुंकू असा जोड कार्यक्रम होता. श्यामलाताई प्रमुख. तिळगुळाचे डबे, वाणाच्या गाळण्या आणि वेदांत नावाचा नातू घेऊन त्या उतरल्या.

"आजी, डझ इट बाइट?" वेदांतने घोडीकडे बघत विचारलं.

"मराठीत विचार, काका मराठी आहेत."

"काका, डझ इट बाइट?"

"सुट्टीच्या दिवशी नाही," विश्वास म्हणाला.

तेवढ्यात मुक्ताने औषधांच्या खोलीतून हाक मारली, "अहो, जरा इकडे या." विश्वास गेला. घोडी गेली. रियाज ओरडला, "अहो भाई, खोगीर छोड़ गए." श्यामलाताईंनी खिशावरचं नाव वाचलं होतं. त्यांनी दोन आणि दोन चार केले, वर हातचा एकही धरला.

विश्वास परत आल्यावर त्यांनी चौकशी मांडली.

"तुम्ही कुठले?"

"अकलूजकडचा."

"आणि ह्या?"

"डॉक्टर परभणीच्या."

"अस्सं. म्हणजे इथेच जमलं. किती वर्षं झाली?"

विश्वासला वाटलं, कुवेतात येऊन. "मला बारा. त्यांना पाच."

श्यामलाताईंनी हे गणित मनात करून पाहिलं. "असं कसं?"

"मी आधी आलो."

त्यांनी गणिताचा नाद सोडला. मग कुंकवाचा करंडा घेऊन मुक्ताकडे गेल्या. तिला हळदीकुंकू लावलं, तिळगूळ दिला, हातात गाळणी ठेवली. "आता नाव घ्या बघू. नुसतं अहो अहो करून सुटका नाही."

बायका जमल्या. मुक्ता गाळणीकडे बघत राहिली.

"अहो, आम्ही नवराबायको नाही हो," ती म्हणाली. "इथे नोकरी करतो दोघं."

"मग अहो का म्हणता?"

वारा, अंतर, दमणूक, हे सगळं मंडळाच्या बायकांना सांगण्यासारखं नव्हतं. श्यामलाताईंना बिचाऱ्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी घाईघाईने तिच्या मुठीवर मूठ दाबली. "गाळणी राहू द्या हं. गाळणी काय, कुणालाही लागते."

विश्वास दहा पावलांवर खोगीर आवळत होता. त्याने ते इतकं आवळलं की घोडीने मागे वळून पाहिलं.

दुसऱ्या दिवसापासून मुक्ता त्याला 'विश्वास सर' म्हणू लागली.

रँचवर सुतकच आलं. कोण विश्वास सर, हे रियाजला कळेना. "नया आदमी आ रहा है क्या?" त्याने काळजीने विचारलं. अबू हमजांनी विश्वासला बाजूला घेऊन घरी सगळं ठीक आहे ना विचारलं. घोडी कुंपणाशी उभी राहायची, हाकेची वाट बघायची, मग चाऱ्याकडे जायची. विश्वासचंही साधारण तसंच चाललं होतं, फक्त त्याला चारा जात नव्हता.

"असं एकदम सर कशाला," एकदा तो म्हणाला.

"लोक काहीतरी समजतात."

"समजू देत की."

"तुम्हाला काय, तुम्ही राहणार इथेच. चेष्टा माझी होते." मग निघता निघता, "आणि गुरुवारनंतर प्रश्नच नाही."

म्हणजे ठरलं, असं विश्वासने धरलं. नेहमीप्रमाणे तो बाहेर लगाम धरून उभा राहिला.

गुरुवारी दुपारी धूळ उठली. आधी क्षितिज पिवळं झालं, मग नाहीसंच झालं. हमजाने नवं फाटक बसवलं होतं, सिनेमातल्यासारखं, दोन्ही बाजूंना उघडणारं. ते वाऱ्याने दोन्ही बाजूंना उघडलं आणि शम्सा बाहेर गेली. पलीकडे ट्रकांचा हायवे. विश्वास टोपी टाकून तिच्यामागे धावला आणि चार ढांगांत दिसेनासा झाला.

मुक्ता फाटकाचा खांब धरून उभी राहिली. नाकातोंडात वाळू. "विश्वास सर," तिने हाक मारली. सर तर गेलंच, विश्वासही गेला. "शम्सा," तिने हाक मारली. कुणी आलं नाही. लांब कुठेतरी ट्रकचा भोंगा वाजत राहिला.

बारामतीची तयारी तिने शांतपणे केली होती, कारण मागे हे सगळं जागच्या जागी राहणार होतं. ते असं एका पिवळ्या भिंतीत जाईल, हे तिने धरलं नव्हतं. तिने छातीत होता तेवढा श्वास घेतला.

"अहो."

पुन्हा एकदा. मग मोजलं नाही.

आधी टापा आल्या. मग घोडी आली, मान खाली घालून. आणि घोडीच्या आयाळीला धरून, डोळे मिटलेला, पिठाच्या गिरणीतून काढल्यासारखा विश्वास आला. कोण कुणाला घेऊन आलं, हे दोघांकडे बघून सांगता आलं नसतं.

दोघं गोठ्यात कडब्याच्या गठ्ठ्यांवर बसले. बाहेर पत्रे वाजत होते. मुक्ताने इलेक्ट्रिक किटलीत चहा केला आणि वाणाच्या गाळणीने गाळला. गाळणीत पत्ती कमी, वाळू जास्त.

"हाक कुणाला मारली होती?" विश्वासने विचारलं.

"ज्याला ऐकू येईल त्याला."

त्याने थोडा चहा घेतला. "मी दमलोय ओ," तो म्हणाला. "कामाने न्हाई. काम काय, असतंच. एकट्याने दमायचा कंटाळा आलाय."

"मग?"

"मग काय. दोघांनी दमू."

मुक्ताने टोपी नसलेल्या त्याच्या डोक्याकडे पाहिलं. केस पांढरे होते. वाळूचे की मूळचे, कळत नव्हतं. "हे तुम्ही सांगताय की विचारताय?"

"विचारतोय. सांगायला हमजा आहे."

"त्या बाई नाव घ्यायला सांगत होत्या."

"घ्यायचं होतं की."

"आठवलं पाहिजे ना. मला शर्टावरचंच येतं."

धूळ बसत आली तेव्हा मुस्तफाची गाडी दिसली. तो दिवे लावून आला, काच इंचभर खाली केली. त्याला अजून तीन जाखुरांवर जायचं होतं.

"डॉक्टर, जल्दी. नया या कॅन्सल?"

मुक्ता गाळणी धूत होती. तिने मान वर केली नाही.

"अहो, तुम्हीच सांगा त्यांना. माझ्या तोंडात वाळू आहे."

घोडी दावणीवरून सरकत आली. विश्वासने खिसा चाचपून एक खजूर काढला, तिला दिला, आणि फाटकापर्यंत चालत जाऊन मुस्तफाला म्हणाला, "नया."