मुरूडचं पाणी

स्थळ पाहायला बायकांनी जायची रीत भडगावकडे नव्हती. पुरुष जात, पोटभर जेवत, पान खात आणि परत येऊन सांगत, "घर चांगलं आहे." चांगलं म्हणजे नेमकं काय, हे पुढे त्या मुलीने जन्मभर शोधत बसायचं. पण वैजंताला मुरूडचं स्थळ सांगून आलं, तेव्हा तिच्या आईने, पुष्पाबाईने, पदर खोचला आणि नवऱ्याला बजावलं, "मी बी येसू. तठलं पानी मी सोता चाखसू. मंगच पोर देऊत."

अभिमन पाटलाने आधी ते हसण्यावारी नेलं. मग आवाज चढवला. आवाज चढवूनही बायको जागची हलत नाही म्हटल्यावर अडकित्ता घेऊन सुपारी कातरत गप्प बसला. गप्प बसण्याला कारण होतं. पुष्पाबाईचे वडील तिचं स्थळ पाहायला याच घरी आले होते. त्यांनी आमराई पाहिली, खिल्लारी जोडी पाहिली, पुरणाचे मांडे हाणले, वर तांब्याभर गार, गोड पाणी प्यायले आणि लग्न पक्कं करून गेले. ते पाणी शेजारच्या गावाहून बैलगाडीने आणलेलं होतं. पहिल्याच उन्हाळ्यात पुष्पाबाईला सगळं कळलं. विहीर आटली की गिरणेच्या वाळूत झिरा खणायचा, वाटी वाटी पाणी उपसून हंडा भरायचा आणि तो डोक्यावर घेऊन गावाची चढण चढायची. असे तिचे कितीतरी उन्हाळे गेले. वडिलांना ती याबद्दल कधी एक शब्द बोलली नाही, पण मनातून तिने त्यांना कधी माफही केलं नाही.

स्थळात तशी खोट नव्हती. मुलाचे वडील गिरधर गुरुजी मूळचे अमळनेरकडचे, आपल्याच जातीतले. तरुणपणी शिक्षकाची नोकरी लागून मुरूडला गेले आणि तिथेच कौलारू घर बांधून राहिले. मुलगा भाईदास तिथल्याच टपाल कचेरीत होता. वैजंताला कोणी काही विचारलं नव्हतं, पण भाईदासचा फोटो तिने गादीखाली ठेवला होता, हे आईने पाहिलं होतं. म्हणूनच पुष्पाबाईला जास्त धास्ती होती. फोटो पोरीला आवडला होता, आणि तिथे पाणी नसलं तर नाही म्हणण्याचं पाप आईच्याच माथी येणार होतं.

धुळ्याला गाडी बदलली, मुंबईला बदलली, आणि कळण्याची भाकरी व शेंगदाण्याची चटणी संपता संपता दोघं मुरूडला उतरले. वैशाखाचं ऊन होतं, पण ते भडगावसारखं अंगावर धावून येत नव्हतं. गावात शिरताच दोन्ही बाजूंना नारळी-पोफळीच्या वाड्या, त्यांच्यातून जाणारी लाल मातीची वाट, आणि वाटेच्या टोकाला एकदम काहीच नाही. नुसतं निळं. पुष्पाबाई जागच्या जागी थांबली. गिरणेचा पूर तिने पाहिला होता, जामद्याच्या बंधाऱ्यावरून उसळणारं पाणी पाहिलं होतं, पण त्या पाण्याला पलीकडचा काठ असे.

"एवढं पानी," ती म्हणाली. "आन् कोनी वाहीसन आनेल नही."

अभिमनला ते ऐकू आलं नाही. तो उपरण्याने नाक दाबून उभा होता, कारण शेजारच्या अंगणात मासळी वाळत पडली होती आणि पाटील माळकरी होते.

गुरुजींनी आणि त्यांच्या बायकोने, कमलबाईने, पाहुण्यांचं असं स्वागत केलं की जणू माहेरचंच कोणी आलं. कमलबाई तर खान्देशी बोलणं कानावर पडताच विरघळलीच. "किती वरीस व्हयनात व माय, कोनी मन्हाशी असं बोलनं नही," असं म्हणत तिने पाणी पुढे केलं. पुष्पाबाईने घोट घेतला. गोड होतं. पण वाढलेलं पाणी कसं गोड असतं, ते तिला दुसऱ्या कोणी शिकवायची गरज नव्हती.

दुसऱ्या दिवशी गुरुजी दोघांना जंजिरा दाखवायला घेऊन गेले. राजपुरीच्या धक्क्यावरून शिडाची होडी निघाली. शेताच्या बांधावर कुणाच्या बापाला न जुमानणारा अभिमन पाटील होडी हलताच दोन्ही हातांनी फळी धरून बसला. समोर पाण्यातून तटबंदी सरळ वर आलेली होती. काळा, भक्कम, लाटा अंगावर घेत उभा राहिलेला दगड. दरवाजा कुठे दिसेना.

"दरवाजा कथा शे?" अभिमनने विचारलं.

"हीच तर त्याची करामत," गुरुजी म्हणाले. वर्गात उभे असल्यासारखा त्यांचा आवाज खुलला. "अगदी जवळ गेल्याशिवाय तो दिसतच नाही. म्हणून तर सिद्दीचा हा किल्ला कुणाला जिंकता आला नाही."

आणि खरंच, होडी तटाला लागणार एवढ्यात दगडामागून दगड सरकल्यासारखा दरवाजा उघडा पडला. पुष्पाबाईच्या अंगावर काटा आला. आत गेल्यावर तर काय पाहू नि काय नको असं तिला झालं. झाडं उगवलेले पडके महाल, माणसाहून लांब तोफा, बुरुजाच्या झरोक्यातून येणारा भन्नाट वारा. हे कुणी बांधलं असेल, दगड कसे आणले असतील, लाटांनी त्यांना बांधू तरी कसं दिलं असेल, असं तिच्या मनात येत राहिलं. आपण एवढं मोठं काही पाहू शकलो याचंच तिला नवल वाटत होतं. वैजंता रोज किनाऱ्यावरून हा किल्ला पाहील, या विचाराने तिला सुख झालं आणि लगेच भीतीही वाटली. वडीलही असेच आमराई पाहून हरखले असतील.

मधोमध दगडाने बांधलेला मोठा तलाव होता. गुरुजी म्हणाले, "चारी बाजूंनी खारा समुद्र, पण हे पाणी गोडं."

अभिमन पायऱ्या उतरला, ओंजळभर पाणी तोंडात घेतलं आणि वर येताना त्याचा चेहरा असा फुलला होता, जणू तो तलाव त्यानेच खणला होता. "देख, समिंदरना मझार गोडं पानी. आते तरी तुनं मन भरनं का?"

"हाई पानी किल्लानं शे," पुष्पाबाई म्हणाली. "पोर का किल्लामा नांदाव शे?"

गुरुजी हसले. अभिमन मात्र तणतणत होडीकडे वळला. त्याच्या लेखी लग्न ठरलेलं होतं.

तिसऱ्या दिवशी पुष्पाबाईला झुंजूमुंजू होताच जाग आली. घर निजलेलं होतं. ती मागच्या अंगणात गेली. पोफळींच्या सावलीत विहीर होती, वर लाकडी रहाट होता, आणि पाणी इतकं वर आलेलं की तिच्या गावच्या बायकांनी त्या विहिरीची पूजाच केली असती. तिने कळशी सोडली, भरून वर ओढली, ओंजळ तोंडाला लावली.

पाणी खारं होतं.

तिने कळशी काठावर टेकवली. राग तर आलाच, पण त्याहून जास्त वाईट वाटलं. गाव तिला आवडलं होतं, कमलबाई आवडली होती, किल्ला तर डोळ्यांपुढून हलत नव्हता. आता घरी जाऊन वैजंताला काय सांगायचं, याचे शब्द ती जुळवू लागली.

तेवढ्यात वाडीच्या वाटेने पावलं वाजली. पुढे भाईदास होता. खांद्यावर कावड, तिच्या दोन्ही टोकांना पत्र्याचे भरलेले डबे. मागे गुरुजी, दोन्ही हातांत कळशा, धोतराचा सोगा वर खोचलेला. दोघं घामाघूम झालेले.

"अक्का, ते पिऊ नका," गुरुजी लांबूनच म्हणाले. "चैत्र लागला की खारं होतं. पावसाळ्यानंतर पुन्हा चांगलं. प्यायचं पाणी आम्ही देवळाच्या विहिरीवरून आणतो."

"काल आमले दिनं ते हाईच पानी?"

"हेच, देवळाच्या विहिरीचं. किल्ल्याच्या गडबडीत सांगायचं राहून गेलं बघा."

भाईदासने कावड उतरवली, खांदा चोळला आणि माठ धुवायला घेतला. रोजचंच काम असल्यासारखे त्याचे हात चालत होते. पुष्पाबाई त्याच्याकडे बघत राहिली.

"कमलबाई कथी शे?" तिने विचारलं.

"झोपलीय. उठेल आता."

घरची बाई झोपलेली आणि पाणी भरलेलं, हे पुष्पाबाईला किल्ल्याहून नवलाचं वाटलं. "ती नही आनत पानी?"

"नाही. सुरुवातीला लोक हसले आम्हाला. मग हसायचे थांबले."

"पन तुम्ही का बरं आनतस?"

गुरुजींनी कळशी उचलली. एवढ्या वर्षांत हा प्रश्न त्यांना कोणी विचारला नसावा. "वजन असतं ना त्याचं," ते म्हणाले आणि कळशी माठात ओतू लागले.

पुष्पाबाईला कमलबाईचा हेवा वाटला, इतका की डोळ्यांत पाणी आलं. ते तिने पदराने पुसलं आणि मग तिला फार बरं वाटलं.

मागच्या दारात अभिमन येऊन उभा राहिला. नुकताच उठलेला, मिशीवरून हात फिरवत. बायको विहिरीपाशी दिसताच त्याने ओळखलं. तो जवळ आला आणि गुरुजींना ऐकू जाऊ नये अशा बेताने विचारलं, "चाखं का पानी?"

"चाखं."

"मंग?"

समोर भाईदास रिकामे डबे पुन्हा कावडीला अडकवत होता. दुसरी खेप बाकी होती.

"पानी खारं शे," पुष्पाबाई म्हणाली. "पोर देऊत."