पाचटाचे ओरखडे

मी एक जुना फ्लेक्स आहे. माझ्या तोंडावर दिग्विजयदादांचा वाढदिवस छापलाय. हात जोडलेले दादा आणि खाली शुभेच्छुकांची दाटी. ढोकीच्या चौकात आठवडाभर मिरवलो. मग गरज सरो, वैद्य मरो. मला गटारीच्या कडेला फेकलं.

तिथून मला अर्पिता मॅडमनी उचललं. ऊसतोडीला गेलेल्या आईबापांची मुलं हंगामभर जिथं राहतात, त्या शाळेत त्या शिकवतात. त्यांनी मला वर्गात पालथं अंथरलं. मित्रांनो, माझी पाठ कोरी आहे हे तोवर मलाही ठाऊक नव्हतं.

मॅडम म्हणाल्या, "जे दुखतं पण सांगता येत नाही, ते काढा. शेजारच्याच्या चित्राला काही द्यावंसं वाटलं, तर तेही द्या."

कुणी विझलेली चूल काढली, कुणी कुलूप. उकाड्यातही लांब बाह्या घालणाऱ्या करिश्माने एक हात काढला आणि त्यावर लाल रेघा ओढल्या. तिची मैत्रीण निकिता हिने मायेने त्याभोवती उसाची पानं रंगवली. आमच्याकडे हात ओरखडलेला दिसला की उसाचं पाचटच आठवतं. मॅडमही फसल्या, कारण मागच्या हंगामात फडात पाचट लागल्याचे ते व्रण आहेत, असंच करिश्मा त्यांना सांगत आली होती.

हंगाम संपल्यावर तिची आई, सिताबाई, न्यायला आली. भिंतीवर मला पाहून ती थबकली.

"हे पाचट कुणी काढलं?"

"निकितानं. हात माझा हाय."

सिताबाईने लेकीची बाही हळूच वर सारली. मग आपल्या ओरखडलेल्या हातांकडे पाहिलं. "पाचट असं लागत न्हाय गं. आन् औंदा तू फडात आलीच न्हवतीस."

"म्याच केलं," करिश्मा म्हणाली. "बाळ गेल्यापस्नं."

मागच्या हंगामात तिचा धाकटा भाऊ फडात ट्रॅक्टरखाली सापडला होता. त्याला सांभाळायचं काम तिचं होतं. तेव्हा आई एकदाच बोलली होती, "तुझ्यापाशी दिलतं ना त्याला." आता सिताबाईने लेकीची बाही हळूच खाली ओढली. मॅडम दोघींना धाराशिवच्या मनाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेल्या.

"असल्या चित्रानं शाळेचं नाव जाईल," म्हणत मुख्याध्यापकांनी मला उतरवलं. सिताबाईने मला मागून घेतलं आणि घरात आडोसा म्हणून बांधलं. दादा बाहेर, चित्र आत. मला वाटलं, इथंही आडोशापुरतीच आपली किंमत.

दसऱ्याआधी, ऊसतोडीची टोळी निघायच्या आदल्या दिवशी, सिताबाईने गेरू कालवला. कधी पेन्सिल न धरलेल्या त्या बाईने करिश्माच्या हाताशेजारी आपला पंजा उमटवला.

"तुझी चूक न्हवती. त्या दिशी म्या वाईट बोलले."

करिश्माने आईच्या गेरूने माखलेल्या हातावर पाणी ओतलं. सकाळी आई फडाकडे गेली, आणि लेक मला गुंडाळून वसतिगृहात परतली.

ती बरी झाली, असं सांगायला मला फार आवडलं असतं. पण ती अजून डॉक्टरांकडे जाते आणि बाह्या लांबच आहेत. मित्रांनो, कुणाचा हात दुखावलेला दिसला तर निकितासारखी घाईने पानं रंगवू नका. आधी विचारा, जवळ बसा, मोठ्या माणसाला सांगा. मी करिश्माच्या खाटेशेजारी टांगलेला आहे. एखाद्या दिवशी ती आईच्या पंज्यावर आपला हात टेकवून उभी राहते. एखाद्या दिवशी माझ्याकडे बघतही नाही.