दहाच्या आत

"श्वास घ्या. सोडा. आता रोखा."

हेडफोनमधून आवाज आला आणि मी श्वास रोखला. पोटावर जाड पट्टा आवळलेला, एमआरआय यंत्राचं छत नाकाला टेकेल इतकं खाली. मग ठकठक सुरू झाली. मागच्या खेपेला याच यंत्राने माझ्या यकृतात चौदा टक्के चरबी मोजली होती. ती दहाच्या आत आली, तरच डॉक्टर माझ्या यकृताचा तुकडा कापून ठकीला लावणार होत्या.

ठकी माझी मुलगी. अजून वर्षाचीही नाही. पित्ताच्या नळ्या जन्मापासून बंद; एक ऑपरेशन झालं, ते फसलं. डोळ्यांचं पांढरं पिवळंजर्द, पोट नगाऱ्यासारखं ताठ. नवऱ्याचा रक्तगट जुळला नाही, सासूबाईंना मधुमेह. उरले मी.

पहिला आकडा ऐकल्यावर सासूबाईंनी डॉक्टरांसमोरच मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं होतं. "हिच्यात चरबी? अहो, फुंकर मारली तर उडून जाईल ही! बाळंतपणातसुद्धा खाल्लेलं कधी अंगाला लागलं नाही."

"अंगाला नाही, यकृताला लागलं," डॉक्टर म्हणाल्या.

"बायको आतल्या गाठीची आहे, हे मला आधीच माहीत होतं," नवरा म्हणाला. आम्ही सगळे हसलो. तेव्हा हसता येत होतं.

सासूबाई ठकीला मांडीवर घेऊन 'माझ्या काळजाचा तुकडा' म्हणत नाचवायच्या. त्या दिवशी घरी आल्यावर तसंच म्हणायला गेल्या आणि अर्ध्यावर गप्प झाल्या. पुन्हा तो शब्द घरात कुणी काढला नाही.

गोड बंद, तळलेलं बंद, सकाळ-संध्याकाळ भरभर चालणं. डॉक्टर म्हणाल्या होत्या, घाई करू नका, हळूहळू उतरेल. पण ठकीचं पोट काही हळूहळू फुगत नव्हतं. तपासणी जवळ आली तशी मी जेवणच सोडलं. ताट वाढून घ्यायचे, सगळे उठले की पातेल्यात परत टाकायचे. नुसतं पाणी, फार तर कोरा चहा. पोटात कावळे ओरडायला लागले की मला बरं वाटायचं. वाटायचं, जळतेय.

"झालं हं ताई, छान रोखलात श्वास," पट्टा सोडताना तंत्रज्ञ मुलगी म्हणाली. मागच्या वेळी तिनेच समजावलं होतं, चुंबकात पाणी आणि चरबी दोन्ही गुणगुणतात, पण सूर जरा वेगळे. यंत्र ते वेगळे ऐकतं. सुई नाही, टाका नाही. आज मी तिचा चेहरा वाचायला बघत होते. तिने तो माझ्याकडे वळवलाच नाही.

डॉक्टरांच्या खोलीत पडद्यावर माझं यकृत होतं, त्यावर त्यांनी आखलेली छोटी वर्तुळं.

"एकोणीस," त्या म्हणाल्या.

"नऊ म्हणालात का?" नवऱ्याने विचारलं.

"एकोणीस." मग माझ्याकडे बघून, "उपाशी होतात?"

मी मान डोलावली. नवरा माझ्याकडे बघतच राहिला.

"एकदम उपाशी राहिलं की अंगावरची चरबी सुटते आणि यकृतात येऊन साठते."

"म्हणजे मीच वाढवली."

"तसा विचार करू नका," त्या म्हणाल्या. 'नाही' असं मात्र म्हणाल्या नाहीत.

"आहे तसंच कापा."

"इतक्या चरबीचा तुकडा तिच्यात गेल्यावर काम करेलच असं नाही. उरलेल्यानेही तुमच्यात काम करायला हवं."

"माझं राहू द्या हो."

"मला दोघींचं बघावं लागतं. नीट खा, मग पुन्हा मोजू. तीनेक आठवडे तरी लागतील."

"तेवढे दिवस आहेत तिच्याकडे?"

डॉक्टर पडद्याकडे वळल्या. "बाहेरचा दाता मिळावा म्हणून यादीत नाव आहेच," एवढंच म्हणाल्या.

वॉर्डात पोचलो तर खाटेवरची चादर बदललेली. मी यंत्रात असताना ठकीला रक्ताची उलटी झाली होती. सासूबाई लुगड्यावरचा डाग पुशीत होत्या आणि डाग पसरत होता. नर्स म्हणाली, "आता तोंडाने काही द्यायचं नाही. पाणीसुद्धा नाही." ठकीच्या हाताला सलाईन होतं. मोकळ्या हाताने ती कान खाजवत होती.

नवरा खाली जाऊन डबा घेऊन आला. उकडलेली अंडी, भाजी. तो रागावला असता तर बरं झालं असतं.

"खा," तो म्हणाला.

"आत्ता?"

"आत्ताच. मोजायचंय ना पुन्हा?"

सासूबाई पुसायच्या थांबल्या. मी पहिला घास घेतला. ठकीने खाजवणं थांबवलं, माझ्या हाताकडे पाहिलं आणि 'आ' केला. मोठा, ओला, वाट बघणारा.

मी तिच्याकडे पाठ केली आणि दुसरा घास घेतला.