फुत्कारणारा दगड

"फूऽऽस!" दगडातला नाग फुत्कारला आणि खाणीच्या आवारातली दोनशे माणसं एकदम मागे सरकली, पुढची मागच्यांच्या पायांवर.

दगड आमच्याच चुनखडीच्या खाणीतला. थाळीएवढा, आत वेटोळ्याचा ठसा. कामगारांनी फेकून दिलेला तो दगड गावात नव्याने आलेल्या एका महाराजांनी उचलला होता.

हातातली बाटली उंचावत महाराज म्हणाले, "नागोबा झोपलाय. माझं अमृत पडलं की श्वास घेतो. हा फेस वाळवून गुडघ्याला चोळा, साखर उतरते!"

गुडघ्याचा आणि साखरेचा संबंध काय, हे विचारायची कुणाची छाती झाली नाही. एका म्हातारबुवांनी एवढंच विचारलं, "याचं डोकं कुठाय?"

"पापी माणसांसमोर तो डोकं काढत नाही."

सगळ्यांनी आपापल्या शेजाऱ्याकडे पाहिलं.

मीही हसण्यावारी नेलं असतं. पण त्या फेसाच्या भरवशावर माझ्या आईने आठ दिवस इन्सुलिन घेतलं नव्हतं. त्या सकाळी तिला घेरी आली. शाळेत विज्ञान शिकवणारी माझी ताई तडक खाणीवर निघाली. आई म्हणाली, "मलाही ने, नाहीतर महाराज कोपतील." मग तिला धरून मीही गेलो.

"महाराज, थेंबभर अमृत तुमच्या तळहातावर घ्या बघू," ताई म्हणाली.

महाराजांनी दोन्ही हात पाठीमागे नेले. "अमृत नागासाठी असतं!"

ताईने पिशवीतून बाटली काढली आणि खाणीच्या कचेरीच्या पायरीवर थेंब टाकला. फूऽऽस! कुंपणाच्या दगडावर टाकला. फूऽऽस! मग महाराजांच्या बैठकीच्या दगडावर, अगदी कडेला. महाराज टुणकन उठले.

"अगंबाई, इथेही नाग?" कुणीतरी ओरडलं.

"हे संडास धुवायचं अॅसिड आहे. चुनखडीवर पडलं की वायू सुटतो, त्याचाच हा फेस. महाराजांच्या बाटलीत दुसरं काही नाही."

गर्दीत खसखस पिकली. महाराज त्या हशातूनच वाट काढत निघाले, बाटली मात्र विसरले नाहीत.

आईचा जीव अजून अडकलेला. "पण साप तरी खरा ना गं?"

"साप नाही, आई. समुद्रातल्या प्राण्याच्या वेटोळ्या कवचाचा ठसा आहे. आठ-दहा कोटी वर्षांपूर्वी, डायनासोर होते तेव्हा, इथे समुद्र होता. शिंपले, कवचं तळाशी साचत गेली, दबली, त्याची ही चुनखडी झाली. आपण समुद्राच्या तळावर उभे आहोत."

आईने पायाखाली पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"अख्खा समुद्र होता इथे, आणि त्या मेल्याने मला एका सापावर भुलवलं!"

घरी येऊन तिने मुकाट्याने सुई टोचून घेतली. तुम्हालाही कुणी चमत्कार दाखवला, तर हात जोडा खुशाल. पण आधी तोच थेंब दुसऱ्या दगडावर टाकून बघा.